ऑटो स्विच काढा म्हणणाऱ्यांनो, आधी रात्रपाळी काढा

रब्बीचं पाणी सुरू झालं की दरवर्षी तेच आवाहन येतं. पेपरात येतं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं, कधी वायरमन स्वतः सांगून जातो. कृषिपंपांचे ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, रोहित्र जळण्यापासून वाचवा. भाषा अगदी नम्र. शेतकरी बांधवांना विनंती वगैरे. पण या विनंतीचा सरळ अर्थ काय होतो ते कोणी बोलत नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे. ज्यांच्याकडे विहीर-बोअर आहे त्यांनी वाचाच, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी तर नक्की वाचा.

अर्थ असा होतो: रात्री लाईट येईल तेव्हा उठा, बॅटरी घ्या, विहिरीवर जा आणि स्वतःच्या हाताने हिरवं बटण दाबा.

शहरातल्या मित्रांना हे नीट कळावं म्हणून थोडं सांगतो. शेतीच्या मोटारीला थ्री फेज लागते आणि ती चोवीस तास नसते. वर्षानुवर्षं आपल्याकडे चक्राकार पद्धत आहे. आठवड्यातले काही दिवस दिवसा ८ तास, बाकीचे दिवस रात्री ८ ते १० तास. आता कागदावर "रात्री ८ तास" म्हणजे सलग ८ तास असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. मध्ये ट्रिप होते, कुठेतरी फ्यूज जातो, व्होल्टेज पडतं आणि स्टार्टर सुटतो. प्रत्येक वेळी मोटार बंद. लाईट पाच मिनिटांत परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, स्टार्टरची रचनाच तशी असते. कोणीतरी जाऊन बटण दाबायचं. विहीर घरापासून अर्धा किलोमीटर, कुठे दोन किलोमीटर. रात्रीत अशा चार खेपा झाल्या तर माणूस झोपला कधी आणि सकाळी उठून कामाला लागला कधी?

आणि वाट कसली असते? ओला बांध, गुडघाभर गवत. मण्यार रात्रीच फिरते. घोणस बांधावर पडून असते, पाय पडेपर्यंत दिसत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या पट्ट्यात तर बिबट्या उसातच राहतो, तिथेच त्याची पिल्लं होतात. तिकडच्या लोकांनी बिबट्याच्या प्रश्नावर पहिली मागणी कोणती केली असेल तर ती पिंजऱ्यांच्या जोडीनं दिवसा विजेची. कारण बिबट्या आणि माणूस समोरासमोर येतात ते बहुतेक अंधारात, आणि अंधारात माणसाला रानात काढते ती ही रात्रीची थ्री फेज.

हे सगळं वर्षानुवर्षं सोसल्यावर गावातल्या पोरांनी काय केलं? निवेदन दिलं, मोर्चा काढला, तेही केलंच. २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टींच्या स्वाभिमानीने कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरलं होतं, मागणी साधी होती, दिवसा १० तास वीज द्या. पण मोर्चाचं उत्तर येईपर्यंत गहू थांबत नाही. म्हणून पोरांनी पेटी उघडली.

पहिला आला ऑटो स्विच. लाईट आली की तीनही फेज आहेत का बघतो आणि स्टार्टरचं बटण दाबल्यासारखं करतो. बस एवढंच. मग लोकांच्या हातात मोबाईल आला आणि खरी गंमत सुरू झाली. जुना, घरात पडलेला कीपॅडचा फोन घ्यायचा. त्याच्या आतली व्हायब्रेशनची बारकी मोटार काढायची, तिच्या दोन वायरी बाहेर घ्यायच्या आणि त्यावर एक रिले चालवायचा. फोन पेटीत. घरून मिस्ड कॉल दिला की फोन थरथरायच्या ऐवजी पाच एचपीची मोटार सुरू!

यात एक भानगड झाली. रिचार्ज कंपनीचा जाहिरातीचा कॉल आला तरी मोटार सुरू व्हायची. राँग नंबर आला तरी सुरू. भर दुपारी रिकाम्या विहिरीवर मोटार कोरडी फिरायची. त्यावर उपायही पोरांनीच काढला. जुन्या नोकियाच्या प्रोफाईलमध्ये एक सोय होती, ठरावीक ग्रुपच्या नंबरवरून कॉल आला तरच फोनने आवाज करायचा, बाकीच्यांना गप्प राहायचं. ती सोय ज्याने कुणी फिनलंडमध्ये बसून बनवली असेल त्याला स्वप्नातही वाटलं नसेल की तिचा उपयोग कांद्याला पाणी द्यायला होणार आहे.

पुढची पायरी म्हणजे फोनला हेडफोनची पिन लावायची, ऑटो आन्सर चालू ठेवायचा आणि ८८७० नावाची छोटी आयसी जोडायची. आपण कॉल करून १ दाबलं की टूं असा जो सूर जातो तो ती आयसी ओळखते. १ दाबला मोटार चालू, २ दाबला बंद. काही जण त्याच कॉलवर मोटारीचा आवाज ऐकायचे, घरघर ऐकू आली म्हणजे पाणी चाललंय. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी याच गरजेतून 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र रीतसर तयार केलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आज तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मोबाईल स्टार्टर मिळतो. पाणी संपलं तर स्वतः बंद होणारा, एखादी फेज गेली तर मेसेज करणारा, सगळे प्रकार.

यातून काय सोपं झालं ते फक्त "वेळ वाचला" एवढ्यावर मोजू नका. आज कितीतरी घरांत नवरा एमआयडीसीत शिफ्टला असतो आणि रान बाई बघते. तिला रात्री एकटीनं विहिरीवर जायला लागणं आणि ओट्यापाशी उभं राहून फोनवरून मोटार सुरू करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला तोच फरक आहे. दारं धरायला रानात जावंच लागतं हे खरं, पण ठिबक असेल तर तेही नाही.

आणि आता यांना सांगायचं, काढा ते.

कंपनीचं म्हणणं चुकीचं आहे का? नाही. तिची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण गणित पक्कं आहे. गावातला डीपी समजा ६३ केव्हीएचा. तो साधारण ८४ अ‍ॅम्पियर देऊ शकतो. पाच एचपीची मोटार चालू असताना सात-साडेसात अ‍ॅम्पियर घेते. म्हणजे दहा मोटारी आरामात चालतात. पण मोटार सुरू होते त्या क्षणी ती पाच-सहा पट करंट ओढते, चाळीस-पंचेचाळीस अ‍ॅम्पियर. लाईट आली आणि दहाही ऑटो स्विच एकदम लागले तर डीपीकडे एका झटक्यात चारशेच्या वर अ‍ॅम्पियरची मागणी जाते. व्होल्टेज कोसळतं, कोसळलेल्या व्होल्टेजवर मोटारी उचलत नाहीत, उचलत नाहीत म्हणून जास्त वेळ जास्त करंट ओढत राहतात. फ्यूज उडाला तर नशीब. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार बांधली असेल (आणि ती बांधलेली असतेच) तर डीपी तापतो, कधी जळतो, मोटारीही जळतात. मग मोटार भरायला टाका, डीपीसाठी ट्रॉली घेऊन फिरा, वर्गणी काढा, आणि तोवर डोळ्यांदेखत पीक वाळताना बघा.

कॅपॅसिटरबद्दल तर ते शंभर टक्के बरोबर आहेत. कॅपॅसिटरने लाईनवरचा करंट कमी होतो, व्होल्टेज सुधारतं. स्वस्त आहे, बसवायला सोपा आहे, तरी आपण बसवत नाही किंवा जळाला की बदलत नाही. हा आपला आळस, त्याला कंपनी काय करणार. तसंच ५ एचपीचं कनेक्शन घेऊन ७.५ ची मोटार सोडायची हेही आपणच करतो.

पण मुद्दा असा की वरच्या सगळ्या गणितात दोष कुठे आहे? मोटार आपोआप सुरू होण्यात नाही. दहा मोटारी *एकदम* सुरू होण्यात आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आवाहनात त्या मुद्दाम म्हणा, सवयीनं म्हणा, एक करून टाकल्यात.

एकदम सुरू होऊ नयेत यासाठी काय लागतं? टायमर. लाईट आल्यावर पहिल्याची मोटार तीस सेकंदांनी, दुसऱ्याची साठ, तिसऱ्याची नव्वद. दहा मोटारी पाच मिनिटांत सुरू. शेवटची उचलताना आधीच्या नऊ चालू धरल्या तरी डीपीवर जेमतेम एकशेदहा-बारा अ‍ॅम्पियर येतात, तेही काही सेकंद. एवढं डीपी सोसतो. बऱ्याच ऑटो स्विचमध्ये ही वेळ लावायचं बटण आधीपासून असतं. पेटीच्या आत, छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचं.

मग ते फिरवत का नाहीत? इथे आपल्याच माणसांना दोन शब्द. जो आधी सुरू होतो त्याला चांगलं व्होल्टेज मिळतं, हे प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून प्रत्येक जण आपला टायमर कमीत कमीवर ठेवतो. मला दोन सेकंद, तर भावकीतल्याला एक. माझी सोय मी केली, त्याने त्याची केली, आणि दोघांच्या सोयीनं डीपी खलास. फोन आणि पेटी कितीही हुशार करा, डीपीवरच्या दहा जणांनी एकदा एकत्र बसून क्रम ठरवल्याशिवाय ती हुशारी अर्धीच राहणार. कॅनॉलच्या पाण्याला पाळी लावतो तशी सेकंदांची पाळी लावायची, अवघड काय आहे?

आणि हे बसवून देण्याचं काम सगळ्यात सोपं कुणाला आहे? वीज कंपनीला. कुठल्या डीपीवर कोण ग्राहक आहेत, कुणाची किती एचपीची मोटार आहे, ही यादी तिच्याकडे आहे. डीपीच्या खांबावर एक पत्रा लावा: अमुक नंबर तीस सेकंद, तमुक नंबर साठ. आयटीआय झालेला गावातलाच एक पोरगा नेमा, दर डीपीमागे काही रक्कम द्या, तो महिन्यात सगळ्या पेट्या तपासून टायमर, कॅपॅसिटर, अर्थिंग बघून देईल. एक डीपी जळून बदलण्यापेक्षा हे महाग पडणार आहे का? पण नाही. "काढा" म्हणणं सोपं. काढा म्हटलं की जबाबदारी संपली, डीपी जळला तर दोष शेतकऱ्याचा.

गावातल्या या मेकॅनिक पोरांबद्दल थोडं बोललंच पाहिजे. मोटार भरणारा, पेटी जोडणारा, मोबाईल दुरुस्त करणारा, हे आपल्या तालुक्याचे खरे इंजिनिअर. त्यांचं शिक्षण कागदावर कमी असेल, पण दोन फेजवर मोटार का गरम होते हे ते हात लावून सांगतात. त्यांना व्यवस्था दोनच नजरांनी बघते. एक, बेकायदेशीर काड्या करणारा. दोन, रीलमध्ये वाजतगाजत दाखवायचा "देशी जुगाड". पहिल्यापेक्षा दुसऱ्या नजरेचा मला जास्त राग येतो. लाखो लोक लाईक करतात, वाह क्या दिमाग म्हणतात, आणि हा दिमाग लावायची वेळ का आली हे कोणी विचारत नाही. रात्री दोन वाजता साप चावू नये म्हणून केलेल्या खटपटीला टाळ्या कसल्या वाजवता? त्याला अर्थिंग द्या, फ्यूज द्या, प्रशिक्षण द्या, बिल फाडायचा परवाना द्या. कारण धोका खराच आहे. उघडी वायर, ओले हात, आणि पेटीत काम करताना अचानक आलेली लाईट. ऑटो स्विच चालू ठेवून पेटीत हात घालणारे आजही आहेत. बंदी घातली की हे सगळं बंद होत नाही, लपून होतं, आणि लपून केलेलं काम नेहमी कच्चं असतं.

"वीज फुकट मिळते तरी यांचं रडगाणं संपत नाही" असं लिहायला काही जण आताच टायपिंग करत असतील, त्यांच्यासाठी. २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना बिल माफ आहे, सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. चांगली गोष्ट आहे. पण रात्री दोनला मिळणारी फुकट वस्तू आणि सकाळी दहाला मिळणारी फुकट वस्तू एक नसते. आम्ही दराबद्दल बोलतच नाही आहोत, घड्याळाबद्दल बोलतोय. कारखान्याला रात्रपाळी असते तिथे रात्रीचा भत्ता असतो, दिवे असतात, गेटवर माणूस असतो. शेतकऱ्याच्या रात्रपाळीला काय आहे?

दिवसा विजेची सरकारची योजना आहे हेही मान्य. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २०१७ ला आली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ ला. जिथे फीडर सौरवर गेले तिथे लोक दिवसा पाणी देतात आणि रात्री झोपतात, तिथे ऑटो स्विचची ओढ आपोआप कमी होते. यातच सगळं आलं. जिथे अजून झालं नाही तिथल्या माणसाला मात्र योजनेचं पोस्टर दाखवून पेटीतला स्विच काढायला सांगू नका. आधी दिवसाची वीज, मग स्विचची चर्चा. हा क्रम उलटा चालणार नाही.

आता त्याच पेटीतल्या दोन गोष्टी, ज्या कुणाच्या अजेंड्यावर नाहीत.

पहिली, सिमकार्ड. मोबाईल स्टार्टरमधल्या सिमला डेटा नको, सिनेमा नको, दिवसातून चार कॉल घ्यायचे असतात. पण रिचार्ज संपला की काही दिवसांनी इनकमिंगही बंद. म्हणजे मोटारीनं एक शब्द न बोलता दर महिन्याला माणसाएवढा रिचार्ज भरायचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि मेसेजचे वेगळे पॅक द्या असं कंपन्यांना बजावलं, पॅक आलेही, पण वर्षाचा खर्च हजाराच्या वरच आहे. त्यात जुने स्टार्टर टूजीवर चालतात आणि जिओकडे टूजी नाहीच. शेतीच्या यंत्रासाठी वर्षाला नाममात्र पैशात चालणारं सिम मागायला एकाही आमदाराला सुचलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

दुसरी, सौर पंपाचा कंट्रोलर. योजनेतून पंप मिळतो, त्यावर ५ वर्षं देखभालीची हमी असते. ऐकायला छान. पण कंट्रोलरला पासवर्ड, कव्हरला सील. बंद पडला तर तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची. आमच्या भागात एकाला ऐन उन्हाळ्यात तीन आठवडे वाट बघावी लागली, तोवर शेजाऱ्याकडून पाणी घेतलं. गावातला मेकॅनिक दहा मिनिटांत सांगतो की आतला फ्यूज गेलाय, पण त्यानं सील तोडलं की हमी गेली. शिवाय पाणी द्यायचं नसतं त्या दिवशी पॅनेल नुसते ऊन खात बसतात. त्यावर कडबा कुट्टी, पिठाची गिरणी चालवता येते, तसा बहुउपयोगी कंट्रोलर कुसुम योजनेच्या नियमात बसतोही. माझ्या ओळखीतल्या एकाच्याही शेतात तो बसवलेला नाही. कुणी स्वतः जोडून घेतला तर तो गुन्हेगार.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा कुठल्या वस्तूंसाठी हा हक्क हवा त्या यादीत शेतीची अवजारं होती, मोबाईलही होता. आपल्या पेटीत नेमक्या या दोन्ही गोष्टी एकत्र बसल्यात. तर मग पासवर्ड शेतकऱ्याला द्या, सर्किटचा नकाशा द्या, फ्यूज आणि रिले तालुक्याच्या दुकानात मिळू द्या. मोटार माझी, विहीर माझी, साप चावला तर पाय माझा, आणि पेटी उघडायचा हक्क तेवढा कंपनीचा, हे कुठल्या हिशोबात बसतं?

तेव्हा पुढच्या वेळी आवाहन आलं की ग्रुपवर नुसता अंगठा टाकू नका. वायरमनला विचारा (त्याच्यावर ओरडू नका, तोही एकटा दहा गावं सांभाळतो), उपअभियंत्यांना लेखी विचारा: आमच्या डीपीवर मंजूर भार किती, प्रत्यक्ष किती, आमचा फीडर सौरवर कधी जाणार, टायमर लावून दिले तर ऑटो स्विचला तुमची हरकत आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

आमच्या डीपीवर अकरा मोटारी आहेत. तीस-तीस सेकंदांचा क्रम लावायचा ठरलंय, चिठ्ठ्या टाकून, आणि दर हंगामाला क्रम उलटा करायचा म्हणजे शेवटच्याची कुरकुर नको. दोघं अजून तयार नाहीत, त्यांच्याकडे रविवारी जातोय. तुमच्या डीपीवर किती मोटारी आणि किती केव्हीए ते खाली लिहा, सेकंदांचा हिशोब करून देतो.